एका शिट्टीला एक बादली

नंदुरबारला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर एक हॉल आहे. तिथे आम्ही बारा जण चिप डिझाइन शिकायला बसलो होतो आणि बोर्ड होते सहा. दोघांत एक. पहिल्याच दिवशी केंद्राच्या मॅडमनी नियम सांगितला: चार महिन्यांनी पाहुणे येतील, सादरीकरण बघतील आणि प्रत्येक बोर्डवरचा एक जण पुण्याला पुढच्या टप्प्यात जाईल. दुसरा घरी. हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

माझ्या बोर्डवर माझ्यासोबत सातपुड्यातल्या मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरची मुलगी होती. पुण्याला मी गेलो. तिचं काम माझ्यापेक्षा सरस होतं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तरी गेलो. कसा गेलो ते लिहितो. माझी पत्रकं वाचून ज्यांनी माझी पाठ थोपटली त्यांनी हेही वाचावं.

आधी माझं. मी खाली सपाटीवरच्या रनाळ्याचा. तीन वर्षं पुण्यात एका कंपनीत वेबसाइटमागचे प्रोग्रॅम लिहिले. मग एका सकाळी मेल आला की हे काम आता आपोआप होतं, आपल्या योगदानाबद्दल आभार. घरी परतलो आणि एका संघटनेत पत्रकं लिहू लागलो. वसतिगृहातल्या अळ्या पडलेल्या डाळीवर, बंद पडलेल्या एसटीवर, दवाखान्याच्या कुलपावर. मला पत्रक लिहायला शिकवणारे कार्यकर्ते म्हणायचे, "पहिल्या ओळीत चित्र दिसलं पाहिजे. चित्र नसेल तर पत्रकात भजी बांधतात." मी ते पाठ केलं. पुढे मी सगळीकडे आधी चित्रच शोधायला लागलो.

या प्रशिक्षणाची पहिली यादी लागली तेव्हा तिच्यात डोंगरातलं एकही नाव नव्हतं. माझं होतं. मी लगेच पत्रक काढलं, 'सातपुड्याला चिप नको, फक्त चिखल हवा काय?' ते चांगलं फिरलं. आठ दिवसांत यादीत एक नाव वाढलं आणि नेमकं ते माझ्याच बोर्डवर आलं. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. ओळख झाल्यावर तिला ते सांगितलंही, सहज सांगितल्यासारखं.

ती म्हणाली, "हो, मॅडम बोलल्या. माझे मार्कही होते."

बस, एवढंच. तिचं मराठी शाळेतलं, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. घरी ती पावरी बोलायची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तिने पहिल्या वर्गात केला होता. नंदुरबारच्या वसतिगृहातली तिची खाट प्रशिक्षण संपेपर्यंतच होती. वडिलांनी सांगितलं होतं, एवढं एक कर, मग बघू. पुणं मिळालं तर ती पुढे जाणार होती. नाही मिळालं तर परत वर, जिथे वीज आली तरी दिवसभर टिकत नाही. मला पुणं नाही मिळालं तर मी आणखी चार कंपन्यांना अर्ज केले असते. हा फरक मला पहिल्या आठवड्यातच कळला होता. म्हणजे पुढचं जे झालं ते अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

आता त्या भाषेबद्दल. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. मधे एक चिप, काठावर आठ लाईट आणि चार बटणं. चिपच्या आतली जोडणी आपण लिहून बदलायची. लिहायचं व्हेरिलॉगमध्ये. दिसायला ती प्रोग्रॅमिंगची भाषाच दिसते: तेच कंस, तेच इफ-एल्स. म्हणून मी पहिल्या दिवशी खुर्चीत रेलून बसलो. बाकीचे घाबरले होते. मला वाटलं, हे तर आपल्या घरचं.

तिथेच फसलो. प्रोग्रॅममध्ये ओळी वरून खाली चालतात. पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, सरकारी टेबलांवरून फाइल सरकते तशा. व्हेरिलॉगमध्ये ओळ चालत नाही. लिहिलेली प्रत्येक गोष्ट तिथे तारेसारखी कायम असते आणि सगळ्या एकाच वेळी जागत असतात. शिकवणारे सर पुण्याहून पडद्यावर यायचे. त्यांनी माझी फाइल उघडून सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही हुकूम देताय. हे कर, मग ते कर. चिप हुकूम ऐकत नाही. काय आहे आणि ते कशाला जोडलेलं आहे, एवढंच लिहा. वर्णन करा."

मला राग आला. पत्रकातली सगळी क्रियापदं हुकमाचीच असतात: द्या, थांबवा, चौकशी करा, राजीनामा घ्या. प्रोग्रॅममध्येही तेच. माझा हात दुसरं काही लिहायलाच तयार नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एक सोपा धडा होता. लाईट चालवायची. पहिली लागली की एका ठोक्याने दुसरी, मग तिसरी, असा उजेड डावीकडून उजवीकडे सरकला पाहिजे. ठोका म्हणजे क्लॉक. चिपमध्ये एक नाडी चालू असते आणि सगळे बदल तिच्या ठोक्यावर होतात. मी लिहिलं: दुसरीत पहिलीची किंमत घाल, तिसरीत दुसरीची, चौथीत तिसरीची. बटण दाबलं. एकाच ठोक्याला सगळ्या लाईट भक्कन लागल्या.

शेजारच्या बोर्डवर तापीकाठच्या केळीवाल्या घरचा एक मुलगा बसायचा. त्याने मान लांब केली. "काय भो, कोड शे का दिवाळी शे? समदा दिवा एकदमच लागी ग्यात."

"तू तुन्हं दख," मी म्हणालो.

"मन्हं काय दखू, मन्हा तं एक बी नही लागी ऱ्हायना."

दोन दिवस मी तोच धडा उलटासुलटा केला. दोन ओळींचा क्रम बदलला, मधे 'थांब' घातलं. चिपला थांब म्हणता येत नाही हेही मला तेव्हाच कळलं, ठोके मोजावे लागतात. सर इंग्रजीत दोन शब्द सांगून गेले, ब्लॉकिंग आणि नॉन-ब्लॉकिंग. एका चिन्हाचा फरक: नुसतं बरोबरचं चिन्ह, की त्याआधी एक बाण. बाण लावला की चालतं, हे मला दिसत होतं. का, ते कळत नव्हतं, आणि न कळता चालवायची माझी तयारी नव्हती. तेवढा माज होता.

तिचा उजेड पहिल्याच दिवशी सरळ चालला होता. दोन दिवस तिने मला करू दिलं. मग माझ्या कागदावर उतार काढला, खाली एक चौकोन, वर एक चौकोन.

"दादा, ही आमची आश्रमशाळा. टँकर खाली उभा राहायचा, स्वयंपाकघर वर. आम्ही मुली रांगेत. प्रत्येकीच्या हातात बादली. बाई शिट्टी वाजवायच्या. शिट्टी झाली की प्रत्येकीने आपली बादली वरच्या मुलीला द्यायची आणि खालचीची घ्यायची. सगळ्यांनी एकदम. एका शिट्टीला प्रत्येक बादली एकच पाऊल वर जाते. कळलं?"

"हो."

"तुम्ही काय केलंय, पहिलीने दुसरीला दिली, दुसरीने तीच तिसरीला, तिसरीने तीच चौथीला. एकाच शिट्टीत. मग पहिली बादली थेट स्वयंपाकघरात आणि बाकीच्यांच्या बादल्या कुठे गेल्या, कोणालाच माहीत नाही. बाण लावला म्हणजे काय, शिट्टीच्या वेळी शेजारणीच्या हातात जी होती ती घ्यायची. नंतर आलेली नाही."

जे चार व्हिडिओंतून कळलं नव्हतं ते एका उतारावर कळलं. मग माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. "तुम्ही किती वर्षांच्या होतात तेव्हा?"

"चौथीपासून दहावीपर्यंत. रोज सकाळी." आणि माझं तोंड बघून पुढे, "त्याचं आता काही करू नका. मी तुम्हाला बाण समजावत होते."

त्यानंतरचे तीन महिने मी व्हेरिलॉग तिच्याकडूनच शिकलो. सर पडद्यावर होते, पण पडदा गोठायचा. तिला जोडणी डोळ्यांसमोर दिसायची. मी ओळ लिहिली की ती विचारायची, "ही तार कुठे गेली?" आणि ती कुठेच गेलेली नसायची.

सादरीकरणासाठी तिने एक काम घेतलं: पाण्याच्या मोटारीचा नियंत्रक. खाली टाकी, वर टाकी, दोन्हींत तरंगता गोळा. खाली पाणी असेल आणि वरची भरलेली नसेल तरच मोटार चालू. खालचं पाणी संपलं की बंद, म्हणजे कोरडी फिरून जळणार नाही. ऐकायला सोपं. पण पाणी हिंदकळतं, गोळा वरखाली होतो आणि मोटार चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागते. मी म्हणालो, पाच सेकंद थांबायला सांग. ती हसली. तिने ठोके मोजणारा मोजक बसवला: गोळा सलग तेवढे ठोके एकाच जागी राहिला तरच त्याचं खरं मानायचं, मधे हलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. प्लास्टिकच्या दोन डब्यांत पाणी घालून तिने ते बोर्डला जोडलं. डबा हलवून, गोळा दाबून, मधेच वायर काढून, कितीतरी वेळा. एकदाही चुकलं नाही. केळीवाला मुलगा डबा हिंदकळवून बघायचा आणि म्हणायचा, "हाई तं मन्हा शेतमा बसाडी दे, ताई."

सादरीकरणाला दहा मिनिटं. आमचं ठरलं: पाच मिनिटं मी बाणाची कल्पना समजावणार, बादल्यांच्या चित्रासकट. पाच मिनिटं ती नियंत्रक चालवून दाखवणार. बोलायला मी पुढे, कारण मला बोलायची सवय. हे मीच सुचवलं. ती म्हणाली, "चालेल, पण पाच म्हणजे पाच."

आदल्या दुपारी मॅडमनी सगळ्यांच्या स्लाइड बघितल्या. माझ्या बादल्यांवर थांबल्या.

"हे जरा... पाहुण्यांत आश्रमशाळांच्या खात्याचेही लोक आहेत. मुली पाणी वाहतायत, असं दिसतं यात."

"वाहतच होत्या," मी म्हणालो.

"असेल, पण उद्या कशाला? तुम्ही हुशार आहात, काहीतरी छान घाला. सांस्कृतिक असं."

इथे मी भांडायला हवं होतं. माझं कामच ते. डाळीतल्या अळ्यांवर चार पानं लिहिणारा मी, त्या खात्याची माणसं स्वतःच्या पायांनी समोर येऊन बसणार होती आणि भिंतीवर मोठं करून दाखवायला माझ्याकडे एक खरी गोष्ट होती. पण मला पुणं दिसत होतं. मॅडमची शिफारस दिसत होती. आणि खोटं कशाला बोलू, मॅडमनी 'सांस्कृतिक' म्हटल्याबरोबर मला चित्र सुचलं आणि ते मला आवडलं. होळीचा ढोल. गोल रिंगण. ढोलाच्या एका थापेला प्रत्येक जण एक पाऊल पुढे, पुढच्याच्या जागेवर. थाप म्हणजे क्लॉक. कल्पनेत चूक नव्हती, लाईट तशाच चालतात. मी बादल्या पुसल्या आणि मोरपिसांचे टोप घातलेली माणसं टाकली. ती खाली हॉलबाहेर डबे धुवत होती. तिला विचारलं नाही. खाली जायला वीस पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाच पाहुणे आले. मी बोललो. बोलायला मला येतंच. "ज्या सातपुड्याला तुम्ही मागास म्हणता, त्या सातपुड्याच्या ढोलात चिपचं गणित शतकानुशतकं वाजतंय," असं वाक्य मी टाकलं. टाळ्या. एक पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. मी तिच्याकडे बघितलं. ती डब्यातल्या गोळ्याकडे बघत होती.

मग तिची पाच मिनिटं सुरू झाली. तिने तोंड उघडायच्या आत पुढे सरकलेले पाहुणे म्हणाले, "म्हणजे ही कल्पना मूळ तुमची. तुम्ही पण नाचता ना होळीला?"

"सर, मी नियंत्रक दाखवते."

"दाखवा, दाखवा. पण तो टोप असतो ना मोरपिसांचा, तो पुरुषच घालतात की..."

दुसऱ्या पाहुण्या म्हणाल्या, "एखादी ओळ गाऊन दाखवा ना. तुमच्या भाषेत."

"मला येत नाही, मॅडम. मी बटण दाबू का?"

"अहो लाजताय कशाला?"

कौतुकाने बोलत होते सगळे. कोणी वाईट नव्हतं, हेच तर. शिवी दिली असती तर मी उठलो असतो. ते कौतुक मीच वाढून ठेवलं होतं, मी कोणत्या तोंडाने उठू? तिने एकदा बटण दाबलं, मोटारीची लाईट लागली, डबा हलवायला हात पुढे केला आणि मॅडमनी घंटी वाजवली. पुढची जोडी.

जिन्यात मी तिला गाठलं.

"ताई, ते मॅडम म्हणाल्या म्हणून..."

"ते बादल्यांचं होतं."

"हो, पण पाहुण्यांसमोर..."

"आमच्या घरी आजोबांनी माळ घातली तेव्हापासून होळीला कोणी नाचायला जात नाही. मी कधी त्या रिंगणात पाय ठेवला नाही. तुम्ही विचारलंत कधी?" तिचा आवाज चढला नव्हता. "बादल्या मी सात वर्षं दिल्यात. तेवढं एक माझं होतं, ते तुम्ही काढलंत."

ती डबे घेऊन खाली गेली.

यादी लागली. आमच्या बोर्डवरून मी. शेऱ्याच्या रकान्यात माझ्यापुढे 'संकल्पना उत्तम, स्थानिक संदर्भ' आणि तिच्यापुढे 'प्रात्यक्षिक अपूर्ण'. मी मॅडमकडे गेलो, म्हणालो माझ्या जागी तिला घ्या. त्या म्हणाल्या, यादी वर गेली. तुम्ही नाही म्हणालात तर प्रतीक्षा यादीतला पहिला जाईल, ती नाही. पहिला म्हणजे केळीवाला मुलगा, ज्याची एकही लाईट महिनाभर लागली नव्हती.

मग मी जे येतं ते केलं. निवेदन लिहिलं. 'सातपुड्याच्या कन्येवर घोर अन्याय.' दोन पानं. तिची सही घ्यायला वसतिगृहाच्या फाटकावर गेलो. तिने उभ्याउभ्या वाचलं, सावकाश, दोन्ही पानं.

"यात माझं सर्किट कुठे आहे?"

मी बघितलं. नव्हतं. डोंगर होते, शतकं होती, व्यवस्था होती, मी होतो. मोटार नव्हती.

"कोरा कागद आहे? लिहा, मी सांगते." आणि तिने फाटकाच्या खांबावर कागद टेकवायला लावून मला सांगितलं. दोन गोळे, एक बटण, एक मोटार. मोटार कधी चालू, कधी बंद. गोळा हलला तर काय होतं. काय काय करून तपासलं. सादरीकरणात कोणता भाग दाखवायचा राहिला. पुन्हा दाखवायला दहा मिनिटं मिळावीत. दहा ओळी झाल्या असतील. एकही विशेषण नाही, शेवटची मागणी सोडली तर 'आहे' आणि 'होतं' एवढीच क्रियापदं. सरांनी पहिल्या दिवशी मागितलं होतं तसं ते वर्णन होतं आणि मला चार महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

ते निवेदन आम्ही दिलं. पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

आणि मी पुण्याला गेलो. जागा वाया जाण्यापेक्षा गेलेलं बरं, असं लोकांना सांगितलं. हे कारण मला फारच सोयीचं होतं. निघताना आईने डबा बांधला आणि म्हणाली, "पुना जाई ऱ्हायना, मंग त्वांड असं काबरं?" मी म्हणालो, झोप नाही झाली.

पुण्यात मला त्या प्रशिक्षणाची पुस्तिका मिळाली. पुस्तिकेच्या मधल्या पानावर माझी होळीची स्लाइड होती, रंगीत. मी केंद्राला कळवलं की हे चित्र चुकीचं आहे, मूळ उदाहरण आश्रमशाळेतल्या पाण्याच्या बादल्यांचं आहे आणि ते माझं नाही. उत्तर नम्र होतं: छपाई झाली आहे, शिवाय हे चित्र सर्वांना आवडलं आहे.

ती आता विसरवाडीला हायवेवर मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात काम करते. जळालेल्या पंपांच्या मोटारी, स्टार्टर, बॅटऱ्या. नाशिककडे जाणारी गाडी तिथे थांबते, म्हणून मी एकदा उतरलो. हात तांब्याच्या तारेने कापलेले, काउंटरवर वही, वहीत सर्किट. मालक म्हणाला, "या ताई शे तवपासून एक बी मोटार परत उनी नही." मी तिला म्हणालो, मी हे सगळं लिहिणार आहे. ती म्हणाली, लिहा, पण छापायच्या आधी मला वाचून दाखवा. या वेळी मी वीस पायऱ्यांचा आळस केला नाही.

काल फोनवर सगळं वाचलं. तिने दोनदा थांबवलं. एकदा, पाहुणे पाच नव्हते, चार होते, पाचवा त्यांचा ड्रायव्हर. ते मी बदललेलं नाही, कारण तोही टाळ्या वाजवत होता, तिला तसं सांगितलं. दुसऱ्यांदा, मोजकाच्या जागी मी 'सलग पाच सेकंद' लिहिलं होतं. ती म्हणाली, "पाच तुमचे. माझे तीन होते. पाच सेकंद कोरडी फिरली तर मोटार जळायला लागते." मी ते काढून 'तेवढे ठोके' केलं.

"नको," ती म्हणाली, "तीन सेकंद लिहा. कोणी बनवायला घेतलं तर त्याला लागेल."

तर तीन सेकंद; वर 'तेवढे ठोके' आहे तिथे तीन सेकंदांचे ठोके वाचा. मी विचारलं, बाकीचं ठीक आहे का?

"बाकीचं तुमचं आहे," ती म्हणाली आणि समोर गिऱ्हाईक आलं होतं म्हणून तिने फोन ठेवला.